लेई चा राइस पहिल्यांदा खाताना: सूप कधी, किती आणि कसं घ्यायचं

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये किंवा मलेशियातल्या एखाद्या कोपीतियाममध्ये, म्हणजे तिकडच्या कॉफीच्या खानावळीत, बारीक चिरलेल्या भाज्यांनी पूर्ण झाकलेला भाताचा बाउल आणि शेजारी वाटीत चहापत्ती आणि पाला वाटून केलेलं गडद हिरवं वाफाळतं सूप दिसलं, तर तो लेई चा राइस. बोर्डावर कुठे थंडर टी राइस लिहिलेलं असतं, कुठे लुई चा, कुठे लेई चा फान, सगळं एकच. इतकं पोटभरीचं आणि तरी खाऊन उठल्यावर जड न वाटणारं जेवण मला तरी त्या भागात दुसरं माहीत नाही, आणि म्हणूनच कोणी पहिल्यांदा जाऊन सगळं सूप एकदम भातावर ओतून, दोन घास खाऊन "कडू आहे, काढ्यासारखं लागतं" म्हणत बाउल बाजूला सारतं तेव्हा फार वाईट वाटतं. बहुतेक वेळा पदार्थ आवडला नाही असं नसतं, तो खायचा कसा हे कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी थोडं हे जेवण कुणाचं ते. आपल्याकडे हक्का म्हटलं की नूडल्स डोळ्यासमोर येतात, पण हक्का हा चीनमधला एक अख्खा समाज आहे, स्वतःची भाषा असलेला, शतकानुशतकं टप्प्याटप्प्याने उत्तरेकडून दक्षिणेला सरकत गेलेला, आणि शेवटी ग्वांगडोंग, फुजियान, जिआंगशीच्या डोंगराळ पट्ट्यात स्थिरावलेला. तिथून १९ व्या शतकात खूप लोक कथिलाच्या खाणीत काम करायला मलायात आले. क्वालालंपूर वसवणाऱ्यांमध्ये ज्यांचं नाव पहिलं घेतात ते याप आह लॉय हक्काच होते. आज मलेशिया-सिंगापूरमध्ये जो भाताबरोबरचा खारा लेई चा मिळतो तो मुख्यतः ग्वांगडोंगमधल्या होपो भागातून आलेल्या हक्का कुटुंबांचा, आणि मलेशियाच्या सारावाक राज्यातल्या कुचिंगकडे या लोकांची वस्ती मोठी, त्यामुळे तिकडे तर हे अगदी रोजचं खाणं. चिनी नववर्षाच्या सातव्या दिवशी, ज्याला सगळ्या माणसांचा वाढदिवस मानतात, बऱ्याच हक्का घरांमध्ये सात प्रकारच्या भाज्या घालून हेच करतात. एक दंतकथा अशीही आहे की चीनच्या इतिहासातल्या 'तीन राज्यांच्या' काळात सेनापती झांग फेईचे सैनिक साथीने आजारी पडले आणि गावातल्या म्हाताऱ्या वैद्याने त्यांना असाच चहा वाटून दिला. ती कथा म्हणूनच ऐकायची, पण चहा, पाला आणि दाणे एकत्र वाटून पिणं ही पद्धत खूप जुनी आहे यात शंका नाही.

बाउलमध्ये काय काय असतं

तळाला भात, पांढरा किंवा ब्राउन. माझं मत विचाराल तर ब्राउन राइस घ्या, थोडे पैसे जास्त लागतात पण तो सूपात लगेच मऊ पडत नाही आणि चावायला बरं वाटतं. त्यावर भाज्यांचे वेगवेगळे ढीग, एकमेकांत न मिसळलेले: चवळीच्या लांब शेंगा अगदी बारीक गोल चिरून परतलेल्या, कोबी, चॉय सम किंवा कायलान या चिनी पालेभाज्या, काही ठिकाणी चौधारी शेंगा, मलेशियात सायुर मानिस नावाचा गोडसर पाला, तळलेल्या घट्ट टोफूचे छोटे चौकोन. मग चाय पोह म्हणजे मिठात मुरवून वाळवलेला मुळा, बारीक करून परतलेला, आणि वरून भाजलेले शेंगदाणे, कधी तीळ, आणि इकान बिलिस म्हणजे सुके छोटे मासे कुरकुरीत तळून, नाहीतर सुकी कोळंबी. प्रत्येक भाजी वेगळी परतलेली असते, मसाला जवळपास काहीच नसतो, तेल आणि मीठही बेताचंच. चव आणायचं काम मुळा, दाणे आणि सूप मिळून करतात, त्यामुळे नुसती भाजी तोंडात घालून "बेचव आहे" असं ठरवायची घाई करू नका.

आणि सूप. यात चहाची पत्ती असते (ग्रीन टी किंवा ऊलाँग), थाई बेसिल, पुदिना, कोथिंबीर, कुठे कुठे दवण्याच्याच कुळातलं मगवर्ट, भाजलेले शेंगदाणे, तीळ, मीठ. हे सगळं वाटून वर उकळतं पाणी ओतायचं, झालं सूप. प्रत्येक घराचं, प्रत्येक स्टॉलचं पाल्याचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून एका ठिकाणी नाही आवडलं तर दुसरीकडे खाऊन बघाच, फरक खरंच खूप असतो. बेसिल जास्त असेल तर सूप गोडसर सुगंधी लागतं, मगवर्ट जास्त असेल तर ठसठशीत कडू.

ऑर्डर करताना

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये साधारण ५ ते ८ डॉलरमध्ये एक बाउल मिळतो, मॉलमध्ये गेलात तर जास्त. दुपारी गर्दीच्या आधी जा, कारण भाज्या सकाळीच चिरून परतून ठेवलेल्या असतात, ताज्या असतानाच खायला मजा, आणि काही स्टॉल जेवणाची वेळ संपली की सरळ बंदच करतात. आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा पकडायची, याला तिकडे चोप करणं म्हणतात, मग लाइनीत उभं राहायचं. आणि जेवून झालं की ट्रे स्वतः रॅकवर नेऊन ठेवायचा, २०२१ पासून हे नियमाने बंधनकारक आहे, टेबलावर तसाच सोडून गेलात आणि पुन्हा पुन्हा तेच केलंत तर दंड होऊ शकतो.

शाकाहारी लोकांनी इथे नीट लक्ष द्या. बाउल दिसायला पूर्ण हिरवा असला तरी तो आपोआप शाकाहारी नसतो. वरचे सुके मासे डोळ्यांना दिसतात, ते काढून टाकता येतात, पण सुकी कोळंबी कधी मुळ्याबरोबर परतलेली असते आणि कधी चक्क सूपाच्या वाटणात असते, तिथे ती दिसत नाही. म्हणून फक्त "नो फिश" म्हणून भागत नाही. स्टॉलवरच्या आंटींना स्पष्ट विचारायचं, "आंटी, सूपमध्ये ड्राइड श्रिम्प आहे का, मुळ्यात आहे का?" मलेशियात मलय बोलायचं झालं तर "ताक नाक इकान बिलिस, ताक नाक उदांग केरिंग", म्हणजे सुके मासे नकोत, सुकी कोळंबी नको. सगळ्यात निर्धास्त मार्ग म्हणजे बौद्ध पद्धतीच्या चिनी व्हेजिटेरियन स्टॉलवर जाणं, तिथे मासे-कोळंबी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. मुळा मात्र तिथेही असतो, त्यामुळे कंदमूळ न खाणाऱ्यांनी चाय पोह काढायला सांगावं.

शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असेल तर मात्र हा पदार्थ खाऊच नका. वरचे दाणे काढून काहीच उपयोग नाही, सूपाचं अंगच दाणे-तिळाचं असतं.

आता खायचं कसं

बाउल समोर आला की पहिलं काम, सूप ढवळा. हे कोणीच सांगत नाही आणि सगळा फरक इथेच पडतो. दाण्या-तिळाचं वाटण जड असतं, ते दोन-तीन मिनिटांत वाटीच्या तळाशी बसतं आणि वर राहतं ते पातळ, नुसतं चहा-पाल्याचं पाणी. लोक वरचंच चमचाभर पितात आणि त्यांना फक्त कडूपणा लागतो. तळापासून चमचा फिरवलात की रंग लगेच बदलतो, गडद हिरव्याचा फिकट, दुधाळ हिरवा होतो, आणि वर तेलाचे बारीक ठिपके तरंगायला लागतात. तेव्हा एक घोट घ्या, भाताशिवाय, गरम असतानाच. आधी दाण्याचा स्निग्धपणा जिभेवर येतो, मग पुदिन्याचा गारवा, आणि गिळून झाल्यावर घशाच्या मागच्या बाजूला चहाचा कडवटपणा हळूच येतो आणि थोडा वेळ तिथेच रेंगाळतो. मीठ कमी वाटेल, वाटू दे.

मग सूप बाजूला ठेवून दोन-तीन घास कोरडे खा. चमच्यात भात, थोडी शेंग, थोडा मुळा आणि निदान दोन दाणे असे एकत्र यायला पाहिजेत. मुळ्याचा खारटपणा आणि दाण्याचा कुरकुरीतपणा काय काम करतो ते इथे कळतं. यानंतर बाउलच्या एका बाजूला, फक्त एकाच बाजूला, तीन-चार चमचे सूप घाला आणि तेवढाच भाग कालवून खा. दुसरी बाजू कोरडीच राहू द्या. असं केलं की तुम्हाला तुमचं प्रमाण सापडतं, कोणाला भात नुसता ओलसर झालेला आवडतो, कोणाला पार पेजेसारखा सैल. आणि एखादा घास जास्त कडू लागला तर पुढचा कोरड्या बाजूचा घ्यायचा, इतकं सोपं.

अर्धा बाउल होईपर्यंत जीभ सरावते, मग हवं तर उरलेलं सगळं सूप ओतून टाका. लहानपणापासून खात आलेले हक्का लोक पहिल्यापासूनच सगळं ओतून कालवतात, आणि तेही बरोबरच आहे, त्यांना चव ठाऊक असते. काही जण सूप भातात घालतच नाहीत, एक घास आणि एक घोट असं चालतं त्यांचं. मला स्वतःला शेवटचा भाग पूर्ण भिजवलेला आवडतो, तेव्हा दाणे अजून कडक असतात आणि बाकी सगळं मऊ झालेलं असतं.

कडू लागतंय म्हणून सोया सॉस किंवा चिली सॉस ओतू नका, पाल्याचा सगळा वास मारला जातो. त्यापेक्षा मुळा वाढवा, बहुतेक ठिकाणी आंटी मागितला तर चमचाभर जास्त देतात. खारटपणाने कडूपणा दबतो, म्हणूनच तर तो मुळा त्या बाउलमध्ये आहे. आणि सूप गार होऊ देऊ नका, गार झालं की कडूपणा वर येतो आणि दाण्याचा स्निग्धपणा जड वाटायला लागतो. आधी बाउलचे फोटो काढत बसायची सवय असेल तर या पदार्थापुरती ती आवरा.

घरी करायचं असेल तर

पारंपरिक पद्धतीत मातीचं मोठं पसरट भांडं असतं, आतून झिलई नसलेलं आणि तळापासून कडेपर्यंत बारीक खाचा कोरलेलं, आणि त्यात वाटायला लांब लाकडी दांडा, बहुतेक पेरूच्या लाकडाचा. ओळखीतल्या एका हक्का आंटींनी मला हे भांडं मांडीत धरून वाटायला बसवलं होतं. मी खलबत्त्याच्या सवयीने कुटायला लागले तर त्यांनी माझा हात धरून थांबवला आणि दांडा भांड्याच्या भिंतीला टेकवून गोल फिरवून दाखवला. वरचा हात दांडा नुसता सांभाळतो, खालचा हात ढकलतो, आणि पाला त्या खाचांवर घासला जाऊन चिरडतो. एका लयीत खर्र खर्र आवाज यायला लागला की समजायचं हात बसला. दांडा वर्षानुवर्षं झिजत जातो.

पण मिक्सरमध्येही छान होतं, भांडं नाही म्हणून अडून राहू नका. चार जणांसाठी माझं प्रमाण सांगते: भाजून सोललेले शेंगदाणे १०० ग्रॅम, भाजलेले पांढरे तीळ ३० ग्रॅम, ग्रीन टीची पत्ती १० ग्रॅम, थाई बेसिल ५० ग्रॅम, पुदिना ३० ग्रॅम, कोथिंबीर ३० ग्रॅम, मीठ १ टीस्पून आणि उकळतं पाणी १ लिटर. पहिल्यांदा करताय तर चहापत्ती ६-७ ग्रॅमच घ्या, पुढच्या वेळी वाढवता येते.

चहापत्ती थोड्या गरम पाण्यात १० मिनिटं भिजवा, ते पाणी फेकू नका. दाणे आणि तीळ आधी कोरडेच वाटा, थांबून थांबून, तेल सुटून गोळा व्हायला लागेपर्यंत. हा टप्पा उरकायची घाई केली तर सूप रवाळ होतं आणि पाणी वेगळं, चोथा वेगळा दिसतो. मग भिजलेली पत्ती तिच्या पाण्यासकट, आणि शेवटी पाला. पाल्याची फक्त पानं घ्या, पुदिन्याचे जाड देठ नकोत. पाला घातल्यावर मिक्सर जास्त वेळ फिरवू नका, भांडं तापलं की हिरवा रंग काळपट होतो. जाडसर पेस्ट झाली की मीठ घालून मोठ्या भांड्यात काढा आणि जेवायला बसताना, अगदी ताटं वाढल्यावरच, उकळतं पाणी हळूहळू ओतत ढवळा. ताकाइतकं पातळ व्हायला हवं. हे सूप पुन्हा गॅसवर उकळायचं नाही, उकळलं की रंगही जातो, पुदिन्याचा वासही जातो आणि कडवटपणा तेवढा उरतो.

भाज्यांचं काम वेळखाऊ आहे, कठीण नाही. निदान चार-पाच भाज्या हव्यात, सगळ्या शक्य तितक्या एकाच आकाराच्या, शेंगदाण्याएवढ्या, कारण एका चमच्यात सगळं मावायला पाहिजे. प्रत्येक भाजी वेगळी परता, एकत्र टाकलीत तर सगळ्यांची चव एकच होते आणि मग या जेवणात काही उरतच नाही. कढई एकच वापरा, कोबीपासून सुरू करून उग्र वासाच्या भाजीकडे जा, म्हणजे मध्ये मध्ये धुवावी लागत नाही. चाय पोह धुऊन, १५-२० मिनिटं पाण्यात ठेवून, घट्ट पिळून मग तेलात परतायचा. पाकिटावर बघून खारा घ्या, गोड प्रकारही मिळतो, तो इथे चालत नाही. टोफू घट्टच हवा, आणि बाहेरून सोनेरी होईपर्यंत तळलेला.

सायुर मानिसचा पाला मिळाला तर शिजवूनच घाला. याच पाल्याचा कच्चा रस वजन कमी करायला म्हणून तैवानमध्ये १९९० च्या दशकात बऱ्याच लोकांनी रोज प्यायला आणि त्यातल्या अनेकांना फुफ्फुसाचा कायमचा आजार झाला. बाउलमध्ये परतलेला चमचाभर खाणं वेगळं, हेल्दी म्हणून कच्चा रस काढून पिणं वेगळं. एकूणच या सूपाला डाएट ड्रिंक किंवा औषध समजून रोज लिटरभर पिऊ नका, हे जेवण आहे. दाणे-तीळ भरपूर असल्याने ते चांगलंच भरतं, आणि चहापत्ती अख्खी वाटून पोटात जाते म्हणजे कॅफिनही आलंच, ज्यांना रात्री झोपेचा त्रास होतो त्यांनी दुपारीच खावं.

तैवानला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, तिथे लेई चा मागितला तर भात येणारच नाही. शिंचू काउंटीमधलं बेइपू हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे, तिथल्या जुन्या रस्त्यावरच्या चहाच्या दुकानांत भांडं आणि दांडा तुमच्याच हातात देतात, चहापत्ती, तीळ, दाणे आणि भोपळ्याच्या बिया तुम्हीच वाटायच्या, मग पाणी ओतून वरून कुरमुरे घालून प्यायचं. ते बहुतेक गोड असतं, पाला नसतो, मुलांनाही सहज आवडतं. चीनमध्ये ग्वांगडोंगच्या हायफेंग-लुफेंग भागात परत खारं, कुरमुरे घातलेलं मिळतं. कडूची धास्ती वाटत असेल तर बेइपूपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही, पण पोटभर जेवायचं असेल तर मलेशिया-सिंगापूरचाच बाउल.

घरी केलेलं वाटण उरलं तर पाणी न घालता काचेच्या बरणीत भरा, वरून तेलाचा पातळ थर द्या, फ्रिजमध्ये दोन दिवस छान राहतं. जास्त दिवसांसाठी बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझ करा आणि लागतील तेवढे तुकडे काढून वर उकळतं पाणी ओता. पाणी घातलेलं सूप मात्र ठेवू नका, ते त्याच जेवणात संपवायचं. भाज्या उरल्या तर प्रत्येक डबा वेगळा ठेवा, आणि दाणे-तीळ फ्रिजबाहेर कोरड्या डब्यात, नाहीतर दुसऱ्या दिवशी मऊ पडलेले दाणे चावावे लागतात.